चालत्या मशीनला हात

पानाबाईच्या ओटीपोटात उजव्या बाजूला, साधारण पँटचा खिसा जिथे संपतो तिथे, काहीतरी होत होतं. ते नेमकं काय आहे यावर घरात तीन पक्ष पडले होते आणि चौथा पक्ष, म्हणजे खुद्द पानाबाई, तटस्थ होती. तिला वेळच नव्हता.

पानाबाई हे तिचं खरं नाव नव्हतं. कपडे धुण्याची मशीनं दुरुस्त करणारी बाई एप्रनच्या खिशात कायम दहा नंबरचा पाना घेऊन हिंडते म्हटल्यावर गिऱ्हाइकांनी दुसरं नाव शोधायचे कष्ट घेतले नाहीत. दुकान तिच्या वडिलांचं. वडील गेले, दुकान राहिलं, आणि दुकानासोबत त्यांचा एक नियमही राहिला: चालत्या मशीनला हात लावायचा नाही. मशीन बंद पडतं म्हणून कुणी बोलावलं, आपण गेलो आणि ते आपल्यासमोर गुणी बाळासारखं चालून दाखवत असलं, तर ‘दोष आढळला नाही’ म्हणायचं आणि परत यायचं. उगाच उघडून बसलं की नसलेला दोष निर्माण होतो आणि तो आपल्या गळ्यात पडतो. दुसरी पद्धत अशी की, दोष शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि चालवून बघायचं. पानाबाईचा नवरा काउंटरवर बसायचा आणि पाना हातात धरताना अजून अंगठ्याला लागून घ्यायचा, पण ही दोन तत्त्वं त्यालाही तोंडपाठ होती.

दुखणं पहिल्यांदा आलं तेव्हा ती एका मशीनच्या पाठीमागे उकिडवी बसली होती. आत कुणीतरी ओला टॉवेल पिळावा तसं झालं. घाम फुटला, मळमळलं. ती उठली, दुकानात चार फेऱ्या मारल्या, परत बसली, परत उठली. तासाभरात सगळं शांत. जणू काही झालंच नव्हतं.

“गॅस,” जेवताना सासूबाई म्हणाल्या. सासूबाईंच्या मते माणसाच्या शरीरात गॅस आणि इतर असे दोनच विकार असतात आणि इतरही बहुतेक गॅसनेच होतात. “तू घास चावत नाहीस. मी कधीपासून बघतेय. गिळतेस नुसती.”

“आई, ते स्टूल आहे ना खाली, त्याचा प्रताप आहे,” नवरा म्हणाला. “बुटकं स्टूल. दिवसभर पोट दुमडून बसायचं म्हणजे काय होणार? स्नायू धरतो.”

नणंद औषधांच्या दुकानात काउंटरला होती. त्यामुळे तिचं बोलणं घरात जरा वरच्या पट्टीत लागायचं. “वहिनी, तू दिवसभर लघवीला जात नाहीस. खरं सांग, जातेस?”

“गिऱ्हाइकाच्या घरी गेल्यावर मशीन बघू की बाथरूम कुठंय विचारू?”

“इन्फेक्शन आहे. तपासून घे. जळजळ होते का?”

“नाही.”

“नसली तरी तपास.”

तपासलं. लघवी निर्मळ निघाली. दिवस गेलेत का तेही तपासलं. नवराबायको दोघांनी ती पट्टी उजेडात धरून, तिरकी करून पाहिली. एकच रेघ होती आणि ती काही केल्या दुसरीला बोलवत नव्हती. लग्न उशिरा झालेलं, आता पस्तिशी मागे पडलेली. ‘दुकानाचं जरा मार्गी लागलं की मूल’ असं दोघं दर वर्षी ठरवायची आणि दुकान दर वर्षी जरासं मार्गी लागायचं राहून जायचं. यंदा मात्र ठरवून झालं होतं. पट्टी कचऱ्याच्या डब्यात टाकताना नवरा “होईल गं” म्हणाला आणि उंच स्टूल आणायला बाहेर पडला.

उंच स्टूल आलं आणि दुखणं थांबलं. आठवडाभर नवरा असा वावरत होता की वैद्यकशास्त्राने इतकी वर्षं काय केलं हा प्रश्न पडावा. गिऱ्हाइकांनाही तो स्टूल दाखवायचा. मग एका दुपारी, त्याच उंच स्टुलावर ताठ बसलेली असताना, पानाबाईच्या पोटातला टॉवेल पुन्हा पिळला गेला.

आता पाळी सासूबाईंची. त्यांनी प्रत्येक घास चावून चावून खायला लावला, वर गरम पाणी. दुखणं थांबलं. सासूबाई येताजाता मुलाच्या स्टुलाकडे बघून हसायच्या. मग दुखणं परत आलं. नणंदेने पोट साफ होण्याची पावडर दिली. थांबलं. परत आलं. प्रत्येक वेळी थांबलं ते त्या त्या माणसाच्या उपायाने आणि परत आलं ते मात्र पानाबाईच्या निष्काळजीपणाने, अशी घरात वाटणी झाली होती.

दुखत नसायचं तेव्हाही तिला चैन पडेना. दुखणं नसणं ही आता सुट्टी राहिली नव्हती, पहारा झाला होता. हसताना ती मध्येच थांबायची आणि आत कान लावायची. वाकण्याआधी पोटाची परवानगी घ्यायची. पायाला भिंगरी लागल्यासारखी दुकानात या टोकाकडून त्या टोकाला जायची, काही घ्यायला म्हणून, आणि तिथे पोचल्यावर काय घ्यायचं ते आठवायचं नाही.

“बस ना गं जरा,” नवरा म्हणायचा.

“बसलं की वाटतं उभं राहावं.”

“मग उभी राहा.”

“राहिलेच होते.”

शेवटी ती बायकांच्या डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरीणबाई चष्मा कपाळावर ठेवून डोळ्यांनी ऐकणाऱ्यातल्या होत्या. त्यांनी पाळीचं विचारलं, पांढरं जाण्याचं, लघवीचं, शौचाचं, तापाचं, नवऱ्याजवळ जाताना दुखतं का तेही विचारलं. मग तपासायच्या टेबलावर झोपवून पोट दाबलं.

“आत्ता दुखतंय?”

“आत्ता नाही.”

“इथे?”

“कुठेच नाही. गंमतच आहे,” पानाबाई ओशाळून म्हणाली. मेकॅनिक आला की मशीन चालू होतं, तेव्हा गिऱ्हाइकाचा चेहरा असाच होतो, हे तिला तेवढ्यात सुचून गेलं.

“हे बघा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “ओटीपोट म्हणजे एका खोलीत बरेच भाडेकरू आहेत. मूत्राशय, आतडं, गर्भाशय, दोन बीजकोश, उजवीकडे अपेंडिक्स. भिंतीपलीकडून आवाज आला तर कोण भांडतंय ते बाहेरून कळत नाही. आत बघावं लागतं. या आठवड्यात सोनोग्राफी करून घ्या. आणि मध्येच जोरात दुखलं, उलटी झाली, चक्कर आली, ताप आला, तर थांबू नका. तडक या.”

सोनोग्राफीची वेळ घेतली. त्या दिवशी सकाळी पानाबाई उठली तर पोट असं हलकं की जणू ते तिचं नव्हतंच. आरशासमोर तिने वाकून पाहिलं, उडी मारून पाहिली. काही नाही.

“आज दुखतच नाहीये,” ती चहा घेताना म्हणाली. “आज जाऊन काय दिसणार? दुखायला लागलं की जाते. त्याही म्हणाल्यात ना, दुखलं की तडक या.”

दुसऱ्या कुठल्याही घरात या बोलण्यावर कुणीतरी भुवई उंचावली असती. या घरात ते इतकं शहाणपणाचं वाटलं की नवऱ्याने स्वतः फोन लावून वेळ रद्द केली. चालतं मशीन तपासायला उचलून नेणारा माणूस त्यांच्या मते एक तर नवखा असतो, नाही तर चोर. सासूबाईंनी दुजोरा दिला. औषधांच्या दुकानातली नणंद तेवढी “पण वहिनी, सोनोग्राफी काही...” एवढं म्हणाली, पण तिला उशीर होत होता आणि ते वाक्य दारातच राहिलं.

दुसरी वेळ घेतली. त्याही दिवशी पोट गुणी बाळ. तीही रद्द.

त्याच सुमारास गावातल्या एका पार्लरवालीने दुकानाचा जीव नकोसा केला होता. तिचं टॉवेल धुण्याचं मशीन ऐन पिळण्याच्या वेळी बंद पडायचं. पानाबाई जाऊन आली होती, मशीन चाललं, ‘दोष आढळला नाही.’ परत बोलावणं आलं, परत गेली, परत चाललं. तिसऱ्या खेपेला पार्लरवालीने तिला दारातच गाठलं. हातात कात्री होती. कामाची होती, पण होती.

“या. बघा आता तुमच्यासमोर कसं नाटक करतं ते. माझे टॉवेल सकाळपासून आत पाण्यात बसलेत. गिऱ्हाइकांची डोकी मी काय फुंकून वाळवू?”

पानाबाईने बटण दाबलं. मशीन सुरू झालं, घरघरलं, पिळायला लागलं आणि छान पिळत राहिलं.

“चालतंय,” पानाबाई म्हणाली.

“चालतंय हे मलाही दिसतंय!”

पानाबाई काही बोलणार तेवढ्यात तिच्या पोटात तो टॉवेल पिळला गेला. या वेळी कुणीतरी दोन्ही हातांनी, दात खाऊन पिळत होतं. ती मशीनला धरून उभी राहिली. मग धावत जवळचं पहिलं भांडं गाठलं. ते केस धुण्याचं बेसिन होतं. त्यात एका बाईने नुकतीच मान टेकली होती, ती किंचाळून उठली आणि डोक्यावरचा फेस घेऊन भिंतीला जाऊन उभी राहिली. पानाबाईने तिथे सकाळचा सगळा चहा ओकला.

पार्लरवालीचा राग बंद पडल्यासारखा थांबला. तिने पानाबाईला त्याच खुर्चीत आडवं केलं, कपाळावर ओला टॉवेल ठेवला. “कधीपासून होतंय हे?”

“अधूनमधून... दीडदोन महिने.”

“डॉक्टर?”

“सोनोग्राफी सांगितलीय. दुखत असलं की जाणार आहे.”

“मग आता दुखतंय ना? उठा.”

पण उठवत नव्हतं. पाय पोटाशी घेऊन ती कुशीवर पडून राहिली. फेसवाल्या बाईने लांबूनच “माझ्या बहिणीला असंच मूतखड्यात व्हायचं” अशी माहिती दिली. थोड्या वेळाने दुखणं सैल झालं, मग आणखी सैल, आणि मग गेलं. पानाबाई उठून बसली. सवयीने तिला पहिल्यांदा हायसं वाटलं आणि लगेच लाज वाटली, बेसिनची.

“थांबलं,” ती म्हणाली. “मी हे धुऊन देते. आणि मशीन चालतंय, तर मी...”

“निघताय?” पार्लरवालीचा आवाज परत पहिल्या जागी आला. “नाही हं. तब्येत सांभाळा, पाणी प्या, वाटलं तर उद्या या. पण आता हात लावाल तेव्हा मशीन उघडायचं. दोनदा ‘चालतंय’ म्हणून गेलात. तुमची पाठ वळली की ते बंद पडतं. मला चालायला नकोय ते, मला त्याला काय झालंय ते हवंय.”

पानाबाईला वाद घालायचं त्राण नव्हतं. शिवाय घरी जाऊन आडवं पडायची तिला भीती वाटत होती. पडलं की आत कान लावून बसावं लागतं. तिने खिशातला पाना काढला आणि आयुष्यात पहिल्यांदा एक चालतं मशीन उघडलं.

मोटर चांगली. पट्टा चांगला. पंप चांगला. मग तिने दाराच्या बिजागरीपाशी जाणारी तार चिमटीत धरली आणि हळूहळू दाबत गेली. वरचं आवरण अखंड होतं, चकचकीत. एके ठिकाणी ते बोटाखाली मऊ लागलं. तिने तिथे चीर दिली. आतले तांब्याचे धागे तुटलेले होते, जवळजवळ सगळे. एकदोन कसेबसे टेकून होते. दार हललं की टेकायचे, पिळताना मशीन थरथरलं की सुटायचे.

“हे बघा,” ती म्हणाली. “बाहेरून काही कळत नाही.”

पार्लरवाली वाकली. “म्हणजे मागच्या दोन्ही खेपेला हे असंच होतं?”

“असंच. थोडे धागे जास्त असतील.”

“आणि तरी चालत होतं.”

“हो.”

“मग त्या चालण्याला काय करायचंय?” पार्लरवाली म्हणाली आणि टॉवेल उपसायला लागली. तिच्या लेखी प्रश्न टॉवेलांचा होता.

पानाबाई मात्र उकिडवी बसली होती तशीच बसून राहिली. तार तिच्या चिमटीत होती. पोटात काहीही दुखत नव्हतं, आणि नेमकी त्याचीच तिला भीती वाटली. ती उठली.

“कुठे चाललात? अहो, मशीन उघडं आहे!”

“सोनोग्राफीला.”

“परत दुखायला लागलं?”

“नाही ना,” पानाबाई म्हणाली आणि गाडी बघायला रस्त्यावर पळाली. पार्लरवालीला यातलं काही कळलं नाही, पण कात्री टेबलावर ठेवून ती तिच्या मागे गेली आणि रस्त्यात मधोमध उभी राहून तिने गाडी थांबवली.

दवाखान्यातल्या स्वागतिकेने दोन रद्द झालेल्या वेळा पाहिल्या आणि तोंड आंबट केलं. “आज दुखतंय का?”

“आत्ता नाही.”

“मग उद्या सकाळी...”

“आजच. मगाशी ओकलेय मी. नाही घेतलंत तर इथेच बसून राहीन,” असं म्हणून ती बसली नाहीच, खोलीभर फिरत राहिली. त्या फिरण्यानेच बहुधा स्वागतिकेला चक्कर आली आणि तिने आत जाऊन सांगितलं.

डॉक्टरीणबाईंनी पोटावरून यंत्र फिरवता फिरवता एके ठिकाणी थांबवलं. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आला.

“उजव्या बीजकोशावर गाठ आहे. पाण्याची, मोठ्या लिंबाएवढी. तिच्या वजनाने बीजकोश देठावर फिरतो. देठाला पीळ बसला की रक्त अडतं, ते तुमचं दुखणं. आपोआप उलटा फिरला की थांबतं.”

“म्हणजे आता सुटलाय?”

“पूर्ण सुटलेला नाही. रक्त फार कमी जातंय. दुखणं थांबलं म्हणजे पीळ सुटला असं धरून चालत नाही. कधीकधी दुखायला आत काही जिवंत उरलेलं नसतं, म्हणूनही थांबतं.” त्यांनी फोन उचलला. “आजच ऑपरेशन करावं लागेल. घरून कुणाला तरी बोलवा.”

“बीजकोश राहील?”

“उघडल्यावर पीळ सोडवायचा, थांबायचं, रंग परत येतो का बघायचं. बहुतेक वेळा राहतो. आत्तापासून शब्द देत नाही.”

इस्पितळात सगळे जमले. नवरा दुकानाचं शटर अर्धं ओढूनच आला होता. सासूबाईंनी रिपोर्ट हातात घेतला, उलटा धरला, परत दिला. “म्हणजे गॅस नव्हता?” त्यांनी डॉक्टरीणबाईंना विचारलं. आवाज लहान झाला होता.

“गॅसही दिसला,” डॉक्टरीणबाई प्रामाणिकपणे म्हणाल्या. “पण त्याचा यात हात नाही.”

“पण झालं कशामुळे?” नवरा म्हणाला. “स्टूल? वजनं उचलते त्याचं?”

“कशामुळे असं काही नाही. गाठ होते. कुणालाही होते.”

एवढ्याने नवऱ्याचं समाधान होईना. दोष आहे आणि कारण नाही, हे त्याच्या काउंटरवर कधी आलं नव्हतं. तो पानाबाईच्या खाटेजवळ उभा राहिला आणि त्याच्या हातांना काय करावं ते सुचेना. “मीच फोन केला गं,” तो म्हणाला. “दोन्ही वेळा. मीच रद्द केलं.”

“मी सांगितलं म्हणून केलंस.”

“तरी.”

“बरं, तू केलंस. आता माझ्या हातातलं घड्याळ काढून घे, आत नेऊ देत नाहीत.”

त्याने घड्याळ काढलं आणि मुठीत धरलं. नणंद कोपऱ्यात उभी राहून रडत होती. “मी त्या दिवशी बोलणार होते, वहिनी. उशीर झाला होता.” पानाबाईने तिला खुणेने जवळ बोलावलं आणि पार्लरचा पत्ता सांगितला: उघडं मशीन आहे, तार बदलायची आहे, कुणी विजेला हात लावायचा नाही, आधी प्लग. नणंद रडता रडता ‘हो’ म्हणत राहिली. मग स्ट्रेचरचा गाडा हलला.

जाग आली तेव्हा खिडकीत ऊन होतं. घसा कोरडा, पोटावर तीन छोट्या पट्ट्या. पहिल्यांदा तिने आत कान लावला. काही ऐकू आलं नाही. सगळं गुळगुळीत, औषधाने पुसलेलं.

“ठेवलाय,” नवरा म्हणाला. तिने विचारायच्या आधीच; रात्रभर ते एकच वाक्य तोंडात धरून बसल्यासारखा. “गाठ काढली. बीजकोश ठेवलाय. काळानिळा होता म्हणाल्या. पीळ सोडवून बराच वेळ वाट बघितली, मग जरा रंग आला.”

“जरा म्हणजे किती?”

“जरा.”

“काम करेल का परत?”

“ते नंतर कळेल म्हणाल्या. दीड महिन्याने सोनोग्राफी. रक्त नीट जातंय का बघतील.”

तो दीड महिना पानाबाईने कसा काढला ते घरच्यांनाच ठाऊक. दुकानात जायला बंदी, वजन उचलायला बंदी. सासूबाई तिला ताटात काहीही वाढायच्या आणि चावण्याबद्दल अवाक्षर काढायच्या नाहीत, ते तिला जास्त जड जायचं. ती या खोलीतून त्या खोलीत जायची. कपाटं उघडायची, मिटायची. एकदा तिने घरातलं स्वतःचं मशीन, ज्याला काहीही झालं नव्हतं, पूर्ण सुटं करून जमिनीवर मांडलं. नवऱ्याने दारातून पाहिलं, चपला काढल्या आणि गुपचूप स्क्रू एका वाटीत गोळा करायला बसला.

तपासणीच्या दिवशी दोघं वेळेआधी पोचली. तिचं नाव पुकारेपर्यंत नवऱ्याने भिंतीवरचा एकच तक्ता परत परत वाचून काढला. ती उभीच होती. आत टेबलावर झोपल्यावर डॉक्टरीणबाईंनी पोटावर गार जेल लावलं, आणि यंत्र ठेवण्याआधी हाताने दाबून पाहिलं.

“दुखतंय?”

“नाही. पण त्यावर जाऊ नका. तुम्ही बघा.”

“बघतेच आहे.”

पडद्यावर करडं धुकं हललं. डॉक्टरीणबाई इकडून तिकडे गेल्या, थांबल्या, एक बटण दाबलं. धुक्यात एका ठिकाणी बारीक लाल ठिपका लुकलुकला. विझला. परत लुकलुकला. नवरा टेबलाच्या कडेला धरून पुढे वाकला होता आणि त्याचं डोकं मध्ये येत होतं.

“अहो, बाजूला व्हा जरा. मला दिसू दे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “हं. जातंय रक्त. डावीकडे जेवढं आहे तेवढं अजून नाही. पण जातंय. जिवंत आहे.”

“म्हणजे आता...” नवरा म्हणाला.

“म्हणजे आता जिवंत आहे. पुढचं पुढे बघू. आणखी तीन महिन्यांनी या.” त्यांनी पोट पुसायला कागद पुढे केला.

पानाबाईने कागद घेतला, पण पुसलं नाही. उठलीही नाही. मान वळवून ती पडद्याकडे बघत होती.

“पुन्हा एकदा लावता का?” ती म्हणाली. “आत्ता एवढ्यात थांबलं नसेल ना?”

डॉक्टरीणबाईंनी दाराकडे पाहिलं. बाहेर बायकांची रांग होती. मग त्यांनी यंत्र परत उचललं.